काल बरोबरीने ट्रे उचलला, आज मीच सुपरवायझर

प्रश्न : मी पेडण्याची. कळंगुट पट्ट्यातल्या १२० खोल्यांच्या हॉटेलात आधी स्टुअर्ड (वेटर), मग कॅप्टन (स्टुअर्डांच्या वरचा हुद्दा) होते. सप्टेंबरपासून एफ अँड बी, म्हणजे खाणं-पिणं विभागाची सुपरवायझर केलंय. आठवड्यातले काही दिवस सकाळचा नाश्ता, बाकीचे दिवस संध्याकाळचा बार. नऊ वाजून गेले की नाश्त्याचा बोजवारा उडतो, प्लेटा संपतात, अंड्याच्या काउंटरवर रांग लागते आणि पाहुणे चिडतात. मग मीच ट्रे उचलते. महिनाअखेरीस बारचा स्टॉक कमी भरला, ती रक्कम माझ्या पगारातून कापणार म्हणतात. बरोबरची मुलं ऐकत नाहीत. त्यातल्या एका दादांची नोकरी माझ्याहून आठ वर्षं जास्त आहे. ओरडलं की तेवढ्यापुरतं काम होतं. परत कॅप्टन व्हावं, की क्रूझच्या बोटीवर जावं?

उत्तर : आधी पगाराचं बघू, बाकीचं दोन दिवस थांबू शकतं.

मालाच्या तुटीसाठी पगार कापायची वाट वेतनाच्या कायद्यात आहे, पण ती अरुंद आहे. माल तुमच्या ताब्यात स्पष्टपणे दिलेला हवा, तूट तुमच्या निष्काळजीपणामुळेच झालेली हवी, आणि कापण्याआधी तुम्हाला बाजू मांडायची संधी मिळायला हवी. बारच्या किल्ल्या आठवडाभर तीन जणांच्या हातात फिरत असतील, तर ताबा नेमका कोणाचा इथपासूनच सुरुवात होते. तेव्हा तोंडी ‘हो सर’ म्हणून मोकळ्या होऊ नका, आणि ‘वसुली मान्य’ अशा कागदावर सही करू नका. मॅनेजरना चार ओळींचा ईमेल करा, प्रत एचआरला. त्या महिन्याची ओपनिंग आणि क्लोजिंग शीट, स्टोअरचे इंडेंट (माल मागितल्याचे कागद), बारचा विक्री अहवाल, एनसी केओटी (फुकट दिलेल्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या) आणि ट्रान्सफर स्लिपा (माल दुसरीकडे दिल्याच्या चिठ्ठ्या) मागा आणि त्या पाहून लेखी खुलासा देते असं कळवा. भाषा साधी ठेवा, भांडायला निघाल्यासारखी नको. कागद मागणारा माणूस दिसला की अर्ध्या ठिकाणी कपातीची भाषा आपोआप मवाळ होते.

कागद आले की एकेका ब्रँडचा हिशेब मांडा. समजा एक रम आहे. महिन्याच्या सुरुवातीला ७५० मिलीच्या ४ बंद बाटल्या आणि उघड्या बाटलीत ४५० मिली, म्हणजे ३,४५० मिली. स्टोअरमधून ६ बाटल्या आल्या, ४,५०० मिली. महिनाअखेरीस ३ बंद आणि ३०० मिली उघडी, म्हणजे २,५५०. खप झाला ५,४०० मिली, ३० मिलीच्या पेगने १८०. बिलात दिसतात १७२. आठ पेग गेले कुठे? चोरीकडे बोट दाखवायच्या आधी पुढच्या जागा तपासा, कारण बहुतेक वेळा तूट तिथेच सापडते.

कॉकटेलमध्ये रम ६० मिली पडते आणि सिस्टिममधल्या रेसिपीत ३०च भरलेली असते. महिन्याला आठ कॉकटेल विकली तर एवढ्यानेच हिशेब मिटला. हॅपी अवरमध्ये एकावर एक दिलं, पण दुसऱ्याची बीओटी (बारच्या ऑर्डरची चिठ्ठी) पंच झाली नाही. मॅनेजरने पाहुण्याला ‘हाऊसकडून एक’ म्हटलं आणि एनसी केओटी झालीच नाही. लॉनवरच्या लग्नाला बारमधून दोन बाटल्या गेल्या, ट्रान्सफर स्लिप कोणी केली नाही. बाटली फुटली, काचा उचलून टाकल्या, ब्रेकेज रजिस्टर कोरं. आणि सर्वात मोठं भोक म्हणजे हाताच्या अंदाजाने ओतणं. गर्दीत पेग मेजर (मापाचा पेला) बाजूला राहतो आणि प्रत्येक पेगला तीन-चार मिली जास्त जातात. ३० मिलीच्या हिशेबाने बाटलीत २५ पेग असतात. दर पेगला साडेतीन मिली जास्त गेले तर निघतात २२.

हे सगळं तपासूनही तूट एकाच ब्रँडमध्ये आणि ठरावीक शिफ्टलाच दिसत असेल, तर मात्र प्रश्न माणसाचा आहे. तेव्हाही कोणाचं नाव घेऊ नका. शिफ्टच्या मध्यावर, कुणाला न सांगता, त्या ब्रँडची मोजणी करा, दोनदा-तीनदा. आकडा बोलेल.

यापुढे महिनाअखेरीसारखी पूर्ण मोजणी रोज करायची गरज नाही. जास्त खपणारे आणि महाग असे पाच ब्रँड निवडा आणि शिफ्ट बदलताना तेवढेच मोजा. उघड्या बाटल्या डोळ्याने ‘पाव’, ‘अर्धी’ असं लिहिण्यापेक्षा किचनमधल्या डिजिटल काट्यावर ठेवा. त्याच ब्रँडच्या रिकाम्या बाटलीचं वजन एकदा लिहून ठेवायचं, ते वजा करायचं, आणि उरलेल्या ग्रॅमना ०.९५ने भागलं की मिली मिळतात. (रम, व्हिस्की, जिनसाठी हे चालतं. गोड लिकर जड असतात, त्यांना हा आकडा लावू नका.) शीटवर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची, दोघांची सही. दहा मिनिटांचं काम आहे, आणि पुढच्या वेळी कपातीचा विषय निघाला तर तुमच्या बाजूने हीच शीट उभी राहील.

आता नाश्ता. तिथे तुम्ही काय करता ते पत्रावरून दिसतं. गर्दी झाली की स्वतः ट्रे उचलता. मुलांनाही ते आवडतं, मॅनेजरही कष्टाळू म्हणतो. पण ते कॅप्टनचं काम आहे, आणि तुम्ही एका टेबलाशी वाकलेल्या असताना सबंध हॉल कोणीच बघत नसतं. नाश्ता बिघडतो साडेनवाला, पण त्याचं कारण आदल्या रात्री नऊला घडलेलं असतं.

रात्री फ्रंट ऑफिसकडून आकडा घ्या. ८५ टक्के खोल्या भरल्या म्हणजे १०२ खोल्या, खोलीत सरासरी १.८ माणसं धरली तर १८४ जण. त्यातल्या किती खोल्यांचा नाश्ता पॅकेजमध्ये आहे, किती मुलं आहेत, पहाटेच्या विमानाचे किती आहेत, हेही विचारा. विमानाच्या लोकांना पॅक केलेला नाश्ता द्यायचा, म्हणजे तेवढी डोकी हॉलमधून कमी. गोव्यात सुट्टीवर आलेला माणूस सातला उठत नाही. निम्मे लोक नऊ ते सव्वादहाच्या दरम्यान येतात हे धरून चाला. म्हणजे सव्वा तासात ९२ जण.

अंड्याच्या काउंटरचं गणित यावर बसवा. ऑम्लेटला तीन मिनिटं लागतात, एका पॅनवर तासाला २०, दोन पॅनवर ४०, सव्वा तासात ५०. तेही कुक एकदाही कांदा आणायला आत गेला नाही तर. प्रत्यक्षात चाळिसाच्या आसपासच निघतात, आणि ९२ जणांतले साठ जण अंडं मागतात. रांग लागणारच, त्यात कोणाचा आळस नाही. नऊच्या आधी तिसरा पॅन सुरू करून घ्या आणि चिरलेला कांदा, टोमॅटो, मिरची, कोथिंबीर काउंटरखाली दुप्पट ठेवायला लावा. उकडलेली अंडी आणि भुर्जी चेफिंग डिशमध्ये (बुफेवर अन्न गरम ठेवायच्या भांड्यात) ठेवली की घाईतली माणसं तिकडे वळतात. आणि पाहुण्याला उभं करू नका. टेबल नंबरचा बिल्ला किंवा चिठ्ठी घ्यायची, रनरने (पदार्थ पोचवणाऱ्या मुलाने) टेबलावर पोचवायचं. डोशाच्या तव्यालाही हेच.

प्लेटा संपतात म्हणता. बहुधा त्या संपत नाहीत, टेबलांवर पडून असतात. माणूस नाश्त्याला तीन प्लेटा घेतो, १८४ जणांच्या साडेपाचशे झाल्या. तुमच्याकडे दोनशे असतील तर प्रत्येक प्लेट जवळजवळ दोनदा धुऊन परत यायला हवी. ती टेबल, ट्रॉली, डिशवॉश आणि बुफे यांच्यात कुठे अडते ते एक दिवस घड्याळ लावून बघा. बहुतेक ठिकाणी ट्रॉली भरेपर्यंत कोणी आत नेत नाही, आणि आत एकदम चाळीस प्लेटा आदळल्या की किचन स्टुअर्डिंगची (भांडी धुणारी) मुलं बुडतात. अर्धी भरली की न्यायची, असा नियम करा. नऊ ते सव्वादहा एक माणूस फक्त क्लिअरिंगला (वापरलेल्या प्लेटा उचलायला) ठेवा, त्याला कॉफी ओतायला लावू नका.

तसंच टेबलांचं. चार खुर्च्यांच्या टेबलावर जोडपं बसलं की दोन जागा मेल्या. रात्रीच हॉलच्या एका बाजूची टेबलं सोडवून दोन-दोनची करा. सकाळी ती जोडायला अर्धं मिनिट लागतं, पण पाहुणे बसल्यावर चारचं टेबल तोडता येत नाही.

चेफिंग डिशबद्दल एक गोष्ट नवीन मुलांना कोणी सांगत नाही. खालचा पेटत्या जेलचा डबा अन्न गरम ठेवतो, गरम करत नाही. खालच्या पॅनमध्ये नळाचं थंड पाणी ओतलं तर उपमा तासभर कोमटच राहतो. पाणी उकळतं घाला, अन्न किचनमधून वाफाळतं आणा, झाकण बंद. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर आणि थंड ५ अंशांच्या खाली राहिले पाहिजेत. प्रोब थर्मामीटर ठेवा आणि दर तासाला लॉगमध्ये लिहा. उघड्या डेकवर बुफे असेल तर समुद्राकडच्या वाऱ्याने डबे विझतात, बाहेरून कळतही नाही. त्या बाजूची भांडी दर वीस मिनिटांनी वाकून बघायला एक माणूस नेमा. (आणि कावळ्यांना साखरेच्या पुड्या फार आवडतात, उघड्यावर त्या टेबलावर ठेवू नका.) पदार्थ संपत आला की जुन्यावर नवा ओतायचा नाही, पूर्ण पॅन बदलायचा. पावणेदहानंतर अर्धेच पॅन मागवा, नाहीतर साडेदहाला जे उरतं त्याचा हिशेब शेफ तुमच्याकडे मागेल, आणि बरोबरच मागेल.

नऊला तुम्ही कुठे उभ्या राहता? दार, बुफे आणि पिकअप (किचनमधून पदार्थ उचलायची जागा), तिन्ही एका नजरेत दिसतील अशी जागा शोधा आणि सव्वादहापर्यंत ती सोडू नका. हात रिकामे असल्याची सुरुवातीला लाज वाटेल.

मुलांचं आणि ओरडण्याचं. कामाच्या मध्ये ओरडावं लागतं, कारण काम सुरू होण्याआधी सांगायचं राहून गेलेलं असतं. दहा मिनिटांचं ब्रीफिंग रोज, उभ्याने, ठरल्या वेळी. तुमच्या टीममध्ये पेडणे-दोडामार्गची मुलं असतील, झारखंड-ओडिशाची असतील, नेपाळचीही असतील. कोकणी-मराठीत हसत बोललात तर बाकीचे बाहेर राहतात, म्हणून ब्रीफिंग हिंदीत घ्या. आज किती कव्हर (जेवणारे पाहुणे), कोणाचं कुठलं स्टेशन (वाट्याची टेबलं), आज काय नाही, काय विकायचं, कोणत्या पाहुण्याला काय चालत नाही, एवढंच. ‘काय नाही’ हे मासळी विकणाऱ्या हॉटेलात सर्वात महत्त्वाचं. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना बंदी असते तेव्हा तर रोज मेनू बदलतो, पण नोव्हेंबरातही शेफला विचारल्याशिवाय इसवण (सुरमई) आहे म्हणून सांगू नका.

आणि रोज एक पदार्थ. ‘काफ्रियाल काय असतं?’ या प्रश्नाला ‘ग्रीन चिकन’ हे उत्तर नाही. कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं-लसणीच्या वाटणात मुरवून तळलेलं चिकन, असं सांगता आलं पाहिजे. शागोतीत भाजलेलं खोबरं आणि खसखस असते. बाल्शांवमध्ये अनेक ठिकाणी सुकं सुंगट (कोळंबी) पडतं, अगदी पोर्कच्या बाल्शांवमध्येही. हे माहीत नसलेला स्टुअर्ड कोळंबीची ॲलर्जी असलेल्या पाहुण्याला ‘सर, यात फिश नाही’ म्हणून बिनधास्त देतो. फ्रेंच फ्राइजचंही तेच. ज्या तेलात रवा लावलेली कोळंबी तळली त्याच तेलात ते तळले असतील, तर ते त्या माणसाला चालणार नाहीत. ॲलर्जीच्या प्रश्नाला स्टुअर्डने स्वतः उत्तर द्यायचंच नाही, शेफला विचारून यायचं आणि केओटीवर (किचनच्या ऑर्डर चिठ्ठीवर) लिहायचं, हा नियम न चुकता पाळा. बारमध्ये ग्लास थेट बर्फात बुडवून बर्फ घ्यायचा नाही, स्कूपच वापरायचा. ग्लासचा टवका बर्फात पडला तर तो दिसत नाही. मग पूर्ण बर्फ काढून, गरम पाण्याने वितळवून, पेटी पुसूनच पुन्हा भरावी लागते, आणि ते ऐन नऊला करावं लागतं.

आता दादा. आठ वर्षं जास्त काम केलेल्या माणसाला सगळ्यांसमोर सुधारू नका, तो हरणार नाही आणि तुम्ही जिंकणार नाही. शिफ्ट संपल्यावर बाजूला घेऊन, ‘दादा’ म्हणूनच, एकच नेमकी गोष्ट सांगा: काल चार नंबरच्या टेबलाची बीओटी ड्रिंक दिल्यावर पंच झाली, उद्यापासून आधी. ‘तुम्ही लक्ष देत नाही’ असलं मोघम बोलणं टाळा, त्यावर फक्त भांडण होतं. आणि त्यांना खरं काम द्या. नव्या दोन मुलांना क्लिअरिंग आणि ट्रे शिकवायची जबाबदारी त्यांची, ब्रीफिंगमध्ये जाहीर करून. तरीही तीच चूक तिसऱ्यांदा झाली तर लॉगबुकात तारीख-वेळ लिहा आणि मॅनेजरशी बोला. दादा म्हणणं आणि लॉगबुकात लिहिणं, दोन्ही एकत्र चालतं.

पण मुलं ऐकतात की नाही हे सर्वात जास्त ठरतं ड्युटी चार्टवर. रात्री एकला बार बंद करणाऱ्याला सकाळी सहाला नाश्त्याला बोलावू नका. म्हापशाहून किंवा पेडण्याहून येणाऱ्याला त्या वेळी बस नसते, हॉटेलची गाडी नाही तर तो झोपणार कधी? ब्रेक शिफ्ट (मध्ये काही तास सोडून दोन तुकड्यांत काम) सगळ्यांना पाळीपाळीने, तुमच्या मैत्रिणीलाही. चार्ट किमान सात दिवस आधी लावा. सुट्ट्यांचं तर जुलैतच ठरवून टाका. चवथीला (गणेश चतुर्थीला) सगळ्या पेडण्याला घरी जायचं असतं, नाताळात कॅथलिक मुलांना. चवथ घेणाऱ्याने २४ आणि २५ डिसेंबर करायचा, नाताळ घेणाऱ्याने चवथ, ही अदलाबदल कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. यंदा उशीर झाला आहे. निदान ३१ डिसेंबरचा चार्ट आत्ताच करा, आणि त्या रात्री स्वतःचं नाव सर्वात उशिरा निघणाऱ्यांत ठेवा.

टिपांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण अर्धी कुरबूर तिथूनच येते. पेटीतली रक्कम रोज दोघांसमोर मोजून वहीत लिहा, आठवड्याला वाटा, भांडी धुणाऱ्या मुलांचा हिस्सा धरून. सुपरवायझरने स्टुअर्डहून जास्त घेऊ नये, असं आमचं मत. बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. पाहुण्याने काढा म्हटलं की वाद घालू नका, मॅनेजरला सांगून बिल बदलून द्या. दारूवर जीएसटी नसून व्हॅट असतो, म्हणून एकाच बिलात दोन कर दिसतात, हेही प्रत्येक स्टुअर्डला दोन वाक्यांत सांगता यावं.

राहिलं परत कॅप्टन व्हायचं आणि बोटीचं. सीझनच्या मध्यावर मागे फिरू नका. सप्टेंबरपासूनचे हे महिने तुमच्या बायोडेटात सुपरवायझर म्हणून धरले जावेत असं वाटत असेल तर मार्च संपू द्या. क्रूझवर पैसे बरे मिळतात, पण तिथे बहुतेकांना खालच्या हुद्द्यापासूनच सुरुवात करावी लागते, हॉटेलातला सुपरवायझर तिकडे असिस्टंट वेटर होऊ शकतो. सहा ते नऊ महिने सलग काम, आठवड्याची सुट्टी नाही. जायचंच ठरलं तर पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक), एसटीसीडब्ल्यूचं (खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय निकषांचं) बेसिक सेफ्टीचं प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी आणि अमेरिकेच्या बंदरांत जाणारी जहाजं असतील तर सी-१/डी व्हिसा लागतो. यांतली कागदपत्रं पावसाळ्यात, हॉटेल रिकामं असताना करता येतात. नोकरीची हमी देऊन आगाऊ मोठी रक्कम मागणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका.

तोवर एक करून ठेवा. एफएसएसएआयच्या (केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) फॉस्टॅक या अन्नसुरक्षा प्रशिक्षणाचं सुपरवायझरचं प्रमाणपत्र घ्या. दर २५ फूड हँडलरमागे असा एक प्रशिक्षित माणूस लागतो, त्यामुळे हॉटेलला तुमचं नाव सुचवायला एचआरला कारण मिळतं आणि फी बहुधा तेच भरतात. इथे राहिलात तरी ते उपयोगी, बोटीवर गेलात तरी. आणि बारच्या किल्ल्या कोणाकडे, कधीपासून कधीपर्यंत, याची वही सोमवारपासून सुरू करा.